कडक पेडल आणि जुने ब्रेक ऑइल

गेल्या वेळी आम्ही विहिरीवरच्या पंपाच्या वॉशरविषयी लिहिले. त्यावर दोघा-तिघा वाचकांनी विचारले की, पंप, शिलाई मशीन, मिक्सर हे सारे ठीक आहे, पण आता आपल्या वाड्यांतून मोटारसायकली, रिक्षा आणि जुन्या का होईना, चारचाकी गाड्याही आल्या आहेत. त्यांच्याविषयी कधी लिहिणार? विचारणे रास्त आहे. आमच्या बौद्धवाडीतच पूर्वी एक सायकल होती आणि तीही भाड्याची. आता रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करायला जागा पुरत नाही. तेव्हा या वेळी गाडीच्या ब्रेकविषयी, आणि तेही ब्रेकमधल्या तेलाविषयी लिहीत आहोत. या तेलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

निमित्त झाले आमच्या भाच्याचे. भाचा गोव्यात कारखान्यात कामाला आहे. दोन वर्षे ओव्हरटाइम करून त्याने एक जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे आठ वर्षांची, पण टर्बो इंजिनाची आणि भलतीच चपळ. पाय ठेवताच पुढे झेपावणारी. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, कर्जाची धास्ती होती. पण गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिनेच पदराने काच पुसली, हे आम्ही पाहिले आहे.

मे महिन्याच्या अखेरीस हा भाचा आमच्याकडे मालवणला आला आणि म्हणाला, “मामा, गाडी झकास आसा, पण पेडल माका कडक होया. रेसच्या गाडीसारख्या.” त्याने एक यादीही आणली होती. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप, भोके पाडलेल्या डिस्क, शर्यतीच्या गाड्यांत घालतात ते महागडे ब्रेक ऑइल. एकूण खर्च त्याच्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढा.

आम्ही विचारले, “पेडल मऊ कधी लागते? नेहमी, की कधी कधी?”

तो जरा घुटमळला. म्हणाला, “तसा नेहमीच जरा मऊ लागता.” आणि विषय बदलला. त्या घुटमळण्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला.

वाचकहो, पेडल दाबले की चाक का थांबते, हे आधी थोडक्यात पाहू. मुलांना दाखवायचे असेल तर घरीच दाखवता येते. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, मध्ये सलाइनची नळी जोडा आणि सारे पाण्याने भरा. एक दांडा दाबला की तत्क्षणी दुसरा वर येतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून हाताचा जोर जसाच्या तसा पलीकडे पोहोचतो. शाळेच्या पुस्तकात पास्कलचा नियम म्हणून असतो, तो हाच. आता नळीत थोडी हवा राहू द्या. दांडा दाबाल तर आधी हवा चेपेल, दुसरा दांडा उशिरा आणि अर्धाच हलेल. बोटाला लुसलुशीत लागेल. मऊ पेडल म्हणतात ते हेच.

गाडीत पायाखालचा दांडा म्हणजे मास्टर सिलिंडर. चाकाजवळचा दांडा डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमध्ये असतो आणि ड्रम ब्रेकमध्ये ड्रमच्या आत. मधल्या पाइपांत पाण्याऐवजी ब्रेक ऑइल असते. चारही चाकांना अशा द्रवाचे ब्रेक असलेली मोटार अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली विक्रीला आणली. त्याच वर्षी याच कंपनीच्या शर्यतीच्या मोटारीने फ्रान्समध्ये ल मान येथली ग्रां प्री जिंकली. सांगायचे कारण इतकेच की, वेगवान गाडी आणि चांगला ब्रेक यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ला पुढे डिस्क ब्रेक होते. त्याआधीच्या पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेल्या मेकॅनिकांना ते नवलाईचे वाटे.

आता या तेलाविषयी. पहिली गोष्ट म्हणजे, ब्रेक ऑइल हे आपण म्हणतो तसले तेल नव्हेच. इंजिन ऑइल, खोबरेल, रॉकेल यांचा आणि त्याचा काही संबंध नाही. बहुतेक गाड्यांत असते ते ग्लायकॉल जातीचे रसायन. ‘ऑइल’ या नावाने फसून कोणी त्यात इंजिन ऑइल घातले तर आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची. हे रसायन हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड वातड होतात, तसेच हे. टाकीच्या झाकणातून आणि रबरी पाइपांच्या अंगातूनसुद्धा दमट हवेतला ओलावा आत झिरपत राहतो. मालवण, देवगड, वेंगुर्ला येथे वर्षाचे बारा महिने हवा दमट. गाडी नुसती उभी असली तरी तेल ओले होतच असते. ‘आमची गाडी फारशी फिरत नाही हो’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग ओले झाले तर बिघडले काय? सिरिंजमध्ये आपण पाणीच तर भरले होते! खरे आहे. पाणीही दाबले जात नाही. म्हणूनच ओले झालेले ब्रेक ऑइल गार असेपर्यंत पायाला काही फरक जाणवू देत नाही. बाजारपेठेतून भरड नाक्यापर्यंत जा, तारकर्लीला जाऊन या, पेडल ठणठणीत. खोट आहे ती तेल तापल्यावर.

ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणे. आंबोलीचा घाट घ्या. वरून खाली दाणोलीपर्यंत गाडी साधारण ६०० मीटर उतरते असे धरू. माणसांसकट गाडीचे वजन १३०० किलो धरले आणि उतरण्याची सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच गेली असे मानले, तर तेवढ्या उष्णतेवर २५ लिटरांहून थोडे अधिक पाणी थेट उकळीला येईल. म्हणजे जवळजवळ दोन हंडे. प्रत्यक्षात काही वाटा इंजिन आणि वारा उचलतात, पण तो कधी? गाडी गिअरमध्ये असेल तर. न्यूट्रल मारून, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे दोन्ही हंडे ब्रेकवरच तापतात. त्यात वेगाचा हिशेब वेगळाच आहे. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० वरून थांबायला ब्रेकला जेवढे राबावे लागते, त्याच्या चौपट ८० वरून. चपळ गाडीवाला सरळ रस्ता दिसला की पळवतो आणि वळण आले की दाबतो, म्हणून त्याचे ब्रेक साध्या गाडीपेक्षा लवकर तापतात.

डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. डॉट ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाची आद्याक्षरे. मोटारसायकलच्या हँडलवरच्या छोट्या टाकीच्या झाकणावरही हे लिहिलेले दिसेल. डॉट ३ चे कोरडे, नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळले पाहिजे, डॉट ४ चे २३० ला, डॉट ५.१ चे २६० ला, असा नियम आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावरचे आकडे पाहा. डॉट ३ ला किमान १४०, डॉट ४ ला १५५, डॉट ५.१ ला १८०. चार टक्केही पाणी नाही आणि पाऊणशे अंशांची घसरण! घाटात कॅलिपर एवढा तापला की तेल आतल्या आत उकळते. उकळले की वाफ होते. पाण्याचा एक थेंब वाफ झाला तर साध्या दाबाला सुमारे १६०० पट जागा मागतो. पाइपात जिथे न दाबला जाणारा द्रव होता, तिथे आता दाबली जाणारी वाफ. पेडल थेट फरशीला टेकते आणि गाडी तशीच पुढे जात राहते.

पुढची गोष्ट त्याहून फसवी आहे. गाडी थांबून अर्धा तास गेला, ब्रेक गार झाले की त्या वाफेचे पुन्हा पाणी होते. पेडल पुन्हा कडक. गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिक चालवून बघतो आणि म्हणतो, “काही प्रॉब्लेम नाही.” तोही खोटे बोलत नसतो.

भाच्याला आम्ही सांगितले, यादी खिशात ठेव, आधी आपण तेल बदलू. गाडीची सर्व्हिसची वही पाहिली. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असे सांगितलेले असते. या वहीत मागच्या मालकाच्या पाच वर्षांत त्याचा उल्लेखच नव्हता. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेले, सीटवर नवीन कव्हर, मागे मोठा स्पीकर. झाकण उघडून पाहिले तर तेल कोऱ्या चहासारखे. नवे तेल फिक्या मधासारखे असते. नुसत्या रंगावरून पाण्याचा अंदाज घेऊ नये, त्यासाठी पेनाएवढे तपासणी यंत्र मिळते. पण पाच वर्षे म्हटल्यावर तपासण्यासारखे उरलेच काय होते?

आदल्या रात्री आम्ही चारही चाकांच्या निपलांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. किनाऱ्यावरच्या माणसांनी ही पायरी चुकवू नये. खाऱ्या वाऱ्याने निपल असा धरतो की, नुसता पाना लावून जोर केला तर तो मोडून हातात येतो आणि दोनशे रुपयांचे काम दोन हजारांवर जाते. पाना गोल तोंडाचा, सहा बाजू धरणारा घ्यावा. गाडी जॅकवर उचलल्यावर खाली पक्के स्टँड लावावेत. आपल्याकडे जांभ्याचे चिरे हाताशी असतात म्हणून त्यांवर गाडी टेकवायची सवय आहे. ती सोडा. चिरा घरच्या भिंतीला चांगला, पण गाडीच्या एका टोकाखाली तो कधी फुटेल याचा नेम नाही. चाकाला उटी म्हणून लावायला चिरा उत्तम.

कामाला माणसे दोन लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. भाचा चाकाशी हवा होता, कारण शिकायचे त्याला होते. सून पोराला घेऊन आत होती. तेव्हा पेडलवर आमची बहीण बसली. आधी नको नको म्हणत होती, मग चप्पल काढून सीटवर बसली. पेडलखाली आम्ही लाकडाचा एक ठोकळा ठेवला. जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत दाबले की मास्टर सिलिंडरचे रबर कधीच न गेलेल्या, खडबडीत भागात जाते आणि फाटते. ठोकळ्याने पेडल वरच्या वर थांबते. ही युक्ती आम्ही एक मास्टर सिलिंडर खराब करून शिकलो आहोत.

मग काम सुरू झाले. टाकीतले जुने तेल सिरिंजने काढून घेतले, फडक्याने टाकी पुसली आणि नवा, सीलबंद डबा फोडून भरले. मागच्या चाकापासून सुरुवात केली. मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी, अशी सर्वसाधारण रीत आहे, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, म्हणून पुस्तिका पाहावी. निपलावर पारदर्शक नळी आणि तिचे दुसरे टोक बाटलीत थोड्या तेलात बुडवलेले. आम्ही म्हणायचे, “दाब. धर.” भाचा निपल पाव फेरा सैल करतो, तेल नळीतून येते, पेडल खाली जाते. तो निपल बंद करतो. मग आम्ही म्हणायचे, “सोड.” पुन्हा दाब, धर, सोड. निपल उघडा असताना पेडलवरचा पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बहिणीला बजावले होते, “मी सांगल्याशिवाय पाय उचलू नको.” दर पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकीत नवे तेल घालत राहायचे. टाकी रिकामी पडली तर वरूनच हवा शिरते. एबीएस असलेल्या गाडीत ती हवा आतल्या यंत्रात अडकली तर कंपनीच्या मशीनशिवाय निघत नाही.

मागच्या डाव्या चाकाला बुडबुडे आले. दोन-तीन मोठे, मग बारीक बारीक. नेहमीच मऊ लागणारे पेडल ते हेच. मागे कोणीतरी तिथले काम करून हवा नीट न काढता सोडून दिले होते. भाचा खूश झाला. चूक सापडली असे त्याला वाटले.

पुढच्या उजव्या चाकाशी आलो तेव्हा नळीतून काळपट, गढूळ तेल आले. आम्ही सहज म्हणालो, “एवढे खराब तेल घेऊन तू घाट उतरलास का रे कधी?”

भाचा खाली मान घालून म्हणाला, “मागच्या महिन्यात. बेळगावसून येताना. दाणोलीच्या वर दोन वळणां आसतना पेडल खालीच गेला मामा. एकदम खाली.”

बेळगावला नात्यातले लग्न होते. गाडीत चौघे होते. भाचा, सून, दीड वर्षाचे मूल आणि आमची बहीण. त्याने पेडल भराभर मारले, थोडे वर आले, गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराकडच्या गटाराला लावली. मागच्यांना सांगितले, इंजिन तापले आहे, जरा थांबू. अर्ध्या तासाने पेडल बरे झाले आणि सगळे घरी आले.

हे सगळे तो हळू आवाजात आम्हाला सांगत होता, पण गाडीचे दार उघडे होते. बहीण आत बसलेली. निपल या वेळी उघडा होता आणि तिचा पाय पेडलवर होता. ती म्हणाली, “दादा, माका ह्येना सांगल्यान की इंजीन तापला म्हणान थांबलव. नातू माझ्या मांडयेर निजललो.”

पाय तिने उचलला नाही. भाच्याने निपल आवळला. आम्ही म्हणालो, “सोड.” तेव्हाच तिने पाय सोडला. नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. दाब, धर, सोड, एवढेच.

भाच्याने तेव्हा घाटात जे केले ते योग्यच केले, हे आम्ही त्याच्या आईसमोर सांगितले. पेडल गेले तर घाबरून हातपाय गाळू नयेत. पेडल भराभर मारावे. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत तारेवर चालतो, त्याचा या तेलाशी संबंध नसतो. तो बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, एकदम ओढला तर मागची चाके घसरतात. इंजिन मात्र बंद करू नये, नाहीतर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मदत करणारा बूस्टरही जातो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. वाचते ते कपभर पेट्रोल. चूक झाली ती नंतर. गार झाल्यावर पेडल कडक लागले म्हणून तो तीच गाडी महिनाभर चालवत राहिला आणि घरी बोलला नाही. पण भीतीचे बोलणे घरात करायची आपल्या पुरुषांना सवय नाही, हेही खरे. आम्हीसुद्धा त्यातलेच.

शर्यतीच्या तेलाचे काय, असे त्याने शेवटी विचारलेच. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला मोटारींच्या शर्यतीचा मोठा मार्ग आहे, ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’. गौतम बुद्ध नगर हा जिल्हा १९९७ साली झाला, त्यावरून ते नाव. (आमच्या ओळखीच्या एका आजींना नाव ऐकून तिथे मोठा विहार असेल असे वाटले होते.) २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे तिथे फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन वेटेल जिंकला. त्या गाड्या सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात आणि वळणाआधी काही क्षणांत वेग खाली आणतात. शर्यतीसाठीचे ब्रेक ऑइल ३०० अंशांच्या पुढे उकळते हे खरे. पण ती माणसे ते तेल दोन वर्षे ठेवत नाहीत. शर्यतीच्या आधी नवे भरतात, हवा काढतात. तेल किती भारी, यापेक्षा ते किती ताजे, याला ती जास्त जपतात. मालवणच्या हवेत तीन वर्षे मुरलेल्या भारी तेलापेक्षा गेल्या महिन्यात भरलेले साधे डॉट ४ केव्हाही बरे. पुस्तिकेत जे सांगितले आहे तेच घालावे. डॉट ५ या नावाने सिलिकॉनचे एक निराळे तेल असते, ते यात मिसळू नये. ५ आणि ५.१ हे नावाला शेजारी असले तरी जातीने निराळे आहेत. स्टीलच्या जाळीच्या पाइपांनी पेडल थोडे कडक लागते हे खरे आहे, कारण रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो. पण स्टीलचा पाइप तेल उकळायचे थांबवत नाही. भाच्याच्या गाडीचे रबरी पाइप वाकवून पाहिले, चिरा नव्हत्या. ते तसेच ठेवले.

एक फरक मात्र सर्वांनी ओळखायला शिकावा. घाटात पेडल खाली गेले तर तेल उकळले. पेडल कडकच आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर पॅड किंवा लायनर तापून गुळगुळीत झाले. पहिल्याला नवे तेल लागते. दुसऱ्याला तेल बदलून काही उपयोग नाही. आणि गाडी उभी असताना पेडल दाबून धरले की ते सावकाश खाली खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. अशी गाडी घराबाहेर काढूच नये. टाकीतले तेल कमी झालेले दिसले तर नुसते वरून भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की तेलाची पातळी खाली जाते, किंवा तेल गळत असते. दोन्हीत कारण पाहायला हवे.

ज्यांना हे घरी जमणार नाही, त्यांनी जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. फक्त डबा आपल्यासमोर फोडायला सांगावे. फळीवर महिनोन् महिने उघडा पडलेला अर्धा डबा हवेतले पाणी पिऊन बसलेला असतो. आम्हीही एकदा काटकसर म्हणून फडताळात वर्षभर ठेवलेला अर्धा डबा वापरला होता. आता उरलेले तेल ठेवत नाही. काढलेले जुने तेल तर बाटलीत भरून घरात मुळीच ठेवू नये. थंड पेयाच्या बाटलीत तर अजिबात नको. ते विषारी आहे आणि मुलांना रंगावरून कळत नाही. रंगावर सांडले तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवावे. विहिरीजवळ, परसात, गटारात ओतू नये. इंजिन ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या डब्यात नीट बंद करून, ते परत घेणाऱ्या गॅरेजला द्यावे. रिक्षावाल्या बंधूंना वेगळे सांगायला नको. त्यांच्या रिक्षातही हेच तेल आहे, आणि त्यांचा दिवसभराचा धंदा त्या एका पेडलवर चालतो. मिरगाच्या आधी एकदा बघून घ्या.

भाच्याच्या गाडीत पाऊण लिटर तेल गेले. संध्याकाळपर्यंत चारही चाकांतून फिके, स्वच्छ तेल येऊ लागले. पेडल त्याला हवे तसे कडक झाले. रेसच्या गाडीसारखे नसेल, पण बरे. पुढच्या रविवारी आम्ही सगळे आंबोलीला गेलो. बहिणीने यायला आधी नकार दिला, मग मागच्या सीटवर येऊन बसली. येताना भाचा दुसऱ्या गिअरमध्ये, वळणाच्या आधी ब्रेक मारून सोडत सोडत उतरला. मागून दोन गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या. त्याने जाऊ दिल्या. मधल्या एका रुंद जागेवर पाच मिनिटे थांबला आणि या वेळी का थांबलो ते त्याने आपणहून सांगितले.

दाणोलीला गाडी थांबली. तेल खरेच उकळायचे असेल तर ते गाडी थांबल्यावरही उकळते, कारण वारा लागायचा बंद होतो आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरते. म्हणून दहा मिनिटे जाऊ दिली. मग बहीण खाली उतरली, पुढचे दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसली, चप्पल काढली आणि पेडल दाबून धरले. बराच वेळ धरले.

“लागता,” ती म्हणाली, आणि चहा सांगायला गेली.